मंद म्हणावे कुणाला?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी एक न्यायालय बसते. माळ्यावरून, पलंगाखालून, कपाटाच्या तळातून एकेक वस्तू पुढे आणली जाते आणि तिचा निवाडा होतो. ठेवायची, पुन्हा माळ्यावर टाकायची, कुणाला द्यायची, की भंगारात घालायची? आरोप ठरलेले असतात. पातेल्याला पोचे आले आहेत, छत्रीची काडी मोडली आहे, पंखा कुरकुरतो आहे. आरोपीला वकील नसतो आणि निकाल उभ्या उभ्या दिला जातो. अलीकडे या आरोपींच्या रांगेत एक नवी वस्तू येऊन उभी राहू लागली आहे, ती म्हणजे जुना लॅपटॉप. त्याच्यावरचा आरोप एका शब्दाचा असतो : तो ‘स्लो’ झाला आहे.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. ‘मंद’ हा शब्द मी तिथे इतक्या वेळा ऐकला आहे, की तो कुणालाही, अगदी यंत्रालाही लावलेला ऐकला म्हणजे मी कान टवकारतो. मंद म्हणजे नेमके काय? काम व्हायला वेळ जास्त लागतो, एवढेच त्या शब्दातून कळते. तो वेळ कुठे गेला, हे मात्र कळत नाही. आणि मला वाटते, सारा प्रश्न तिथेच आहे. यंत्रापुरता पाहिला तर तो हिशेबाचा प्रश्न आहे. माणसापर्यंत नेला, की तो नीतीचा होतो.

आधी यंत्राचा हिशेब पाहू. आमच्या घरात २००७ सालचा एक लॅपटॉप आहे. त्याचा प्रोसेसर, म्हणजे विचार करणारा भाग, कोअर २ ड्युओ या जातीचा आहे आणि त्याची चाल २ गिगाहर्ट्झची आहे. याचा अर्थ, त्याचे घड्याळ सेकंदाला दोन अब्ज ठोके देते. असल्या यंत्राला मंद म्हणताना आपली जीभ जरा अडखळायला हवी. परंतु हा प्रोसेसर एकटा काही करू शकत नाही. त्याला लागणारी माहिती आणि त्याला मिळणाऱ्या सूचना मेमरीत, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘रॅम’मध्ये, असतात, आणि तिथून त्या एका वाटेने त्याच्याकडे येतात. या वाटेला ‘बस’ म्हणतात. आपली लाल एस. टी. आणि ही बस यांचे मूळ एकच. दोन्ही शब्द ‘ओम्निबस’ या लॅटिन शब्दापासून आले आहेत आणि त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’ असा आहे. सर्वांसाठी असलेल्या वाटेवर गर्दी आणि खोळंबा व्हायचाच. तो दोन्हीकडे सारखाच आहे.

करंज्यांचा दिवस डोळ्यांपुढे आणा. एकजण पाऱ्या लाटते, दुसरी सारण भरते, तिसरी कढईपाशी बसते. तळणारीचा हात कितीही चपळ असला, तरी पुढची करंजी हातात आल्याशिवाय ती काय तळणार? तेल तापत राहते आणि ती झारा धरून बसून राहते. बाहेरच्या खोलीतून कुणी विचारले, “अजून किती वेळ?” तर रोख तिच्यावरच असतो, कारण कढईपाशी तीच दिसते. प्रोसेसरचे तसेच आहे. दोष त्याच्या नावावर पडतो, आणि तो बिचारा हातात झारा धरून वाट पाहत असतो.

किती वाट पाहतो, तेही मोजता येते. त्याचा एक ठोका अर्ध्या नॅनोसेकंदाचा, म्हणजे आपल्या कल्पनेच्या पलीकडचा आहे. म्हणून असे समजू, की त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. प्रोसेसरच्या अगदी जवळ ‘कॅशे’ नावाचा एक लहानसा साठा असतो. करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून कढईजवळ ठेवाव्यात, तसा. तिथली वस्तू हाती यायला तीन सेकंद लागतात. त्याच्या मागे जो थोडा मोठा कॅशे असतो, तिथून आणायला पंधराएक सेकंद. तिथेही नसेल, तर बसच्या वाटेने मेमरीपर्यंत जावे लागते. त्याला तीन मिनिटे लागतात. आणि मेमरीतही नसेल, तर हार्ड डिस्क. ती मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरणारी तबकडी आहे. तिचा हात योग्य जागी सरकायचा, हवा तो भाग फिरून त्याच्याखाली यायचा, यात पंधरा-सोळा मिलिसेकंद जातात. आपल्या मापाने हा काळ होतो जवळजवळ एक वर्ष! या दिवाळीला मागितलेले सारण पुढल्या दिवाळीला हाती यावे, तसे.

हे कळले, की जुन्या लॅपटॉपच्या दुखण्याचे निदान बदलते. आमचा लॅपटॉप आला तेव्हा त्यात १ गिगाबाइट मेमरी होती. आजची साधी इंटरनेटची पानेही तेवढ्या जागेत मावत नाहीत. मग यंत्र काय करते? जागा पुरत नाही म्हणून मेमरीतला काही भाग डिस्कवर टाकते आणि लागला की परत आणते. म्हणजे जिथे तीन मिनिटे लागायची, तिथे वर्ष लागू लागते. त्याची बुद्धी २००७ साली होती तेवढीच आहे. तिचा एक ठोकाही कमी झालेला नाही. वाढले आहे ते वाट पाहणे.

इथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. यंत्र मंद झाले म्हटल्यावर लोक अधिक वेगाची रॅम आणायला धावतात. त्या काळच्या रॅमच्या पट्ट्यांवर ५३३, ६६७, ८०० असे आकडे असत. आकडा मोठा, तर वेग मोठा, हे खरे. पण कोणता वेग? वाण्याच्या दुकानातून सामान आणण्यात दोन गोष्टी असतात : पिशवी केवढी, आणि जाऊन यायला वेळ किती. हे आकडे सांगतात ते सामान किती वेगाने येत राहील, एवढेच. पहिली पुडी हातात पडेपर्यंतचा वेळ निराळा असतो. नेहमी मिळणाऱ्या पट्ट्यांत ५३३ वालीला तिच्या घड्याळाचे चार ठोके लागत, ६६७ वालीला पाच, ८०० वालीला सहा. ठोका लहान होत गेला आणि ठोक्यांची संख्या वाढत गेली. गुणाकार केला तर तिन्हींचे उत्तर तेच येते : पंधरा नॅनोसेकंद. वर्गातल्या मुलांना उदाहरण म्हणून घालावा, असा हा हिशेब आहे.

शिवाय बसची स्वतःचीही मर्यादा आहे. या लॅपटॉपची बस सेकंदाला ६६ कोटी ७० लाख वेळा माल पोचवते, आणि दर खेपेला आठ बाइट. म्हणजे सेकंदाला साधारण ५.३ गिगाबाइट. सारख्या वेगाच्या दोन पट्ट्या बसवल्या, तर मेमरी याच्या दुप्पट माल द्यायला तयार असते. पण प्रोसेसरकडे जाणारी वाट तेवढीच आहे. उरलेल्याचा थोडाफार उपयोग चित्र दाखवणाऱ्या भागाला होतो, एवढेच. ८०० ची पट्टी घातली, तर ती मुकाट्याने ६६७ च्या चालीने चालू लागते. एक पट्टी जलद आणि एक हळू अशी जोडी लावली, तर दोघी हळूच्या चालीने जातात. आणि या पिढीच्या यंत्रात ४ गिगाबाइट मेमरी भरली, तरी हाती तीनच्या आसपास लागते. कारण एकूण पत्तेच चार गिगाबाइटांपुरते आहेत आणि त्यांतले काही इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथे आड भरलेला आहे, पोहराही धड आहे. पण रहाट फिरतो तेवढाच फिरतो.

ही चिंचोळी वाट कुण्या एका कारागिराच्या चुकीने झालेली नाही. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या यंत्राविषयी जे टिपण लिहिले, त्यात सूचना आणि माहिती एकाच स्मृतीत ठेवण्याची कल्पना मांडली होती. आजचे बहुतेक संगणक त्याच घराण्यातले आहेत. विचार एकीकडे, स्मृती दुसरीकडे, आणि मध्ये वाट! १९७७ साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना जॉन बॅकस यांनी या वाटेला ‘फॉन नॉयमनची चिंचोळी मान’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांचा रोख केवळ यंत्रावर नव्हता. ही मान आपल्या विचार करण्याच्या पद्धतीतही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६७ साली, जीन ॲमडाल यांनी दाखवून दिले होते, की कामाचा एक भाग कितीही जलद केला, तरी उरलेला भाग जेवढा वेळ खातो, त्याच्या खाली एकूण वेळ जाऊच शकत नाही. अर्धा वेळ वाट पाहण्यात जात असेल, तर बाकीचे काम क्षणात उरकूनही वेग फार तर दुप्पट होईल. पुढे कारागिरांनी हे ओळखले. ए. एम. डी. ने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली मेमरीची व्यवस्था पाहणारा भाग थेट प्रोसेसरच्या आत आणला आणि ती जुनी, सर्वांची म्हणून असलेली बस निवृत्त झाली. आजची यंत्रे जलद वाटतात, ती काही केवळ त्यांची बुद्धी वाढली म्हणून नव्हे. त्यांचे कोठीघर त्यांच्या जवळ आले, हेही त्याचे एक मोठे कारण आहे.

आता माणसाकडे वळतो. मी सोलापुरात शिकवत असताना माझ्या वर्गात एका विणकराचा मुलगा होता. घरी तेलुगू बोलत. गणितात उत्तर बरोबर यायचे, पण तोंडी विचारले, की हा मुलगा बराच वेळ गप्प उभा राहायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात एका गुरुजींनी ‘मंद’ असा शेरा मारला होता. मी त्याला एकदा विचारले, “अरे, उभा राहतोस तेव्हा मनात काय चाललेले असते?” तो म्हणाला, “सर, उत्तर आलेलं असतं. मराठीत कसं म्हणायचं ते शोधतो.” त्याचे डोके कॅशेतल्या वेगाने चालत होते, वेळ जात होता तो वाटेवर. शेरा मात्र डोक्यावर बसला होता. फळ्यावर आकड्यांत उत्तर लिहायची मुभा मी त्याला दिली आणि तो वर्गात कुणाच्या मागे राहिला नाही. हा त्याच्यावर उपकार नव्हता. वेळ कुठे जातो हे शोधणे आणि तिथली अडचण दूर करणे, हे शिक्षकाचे रोजचे काम आहे.

आपण ज्यांना मंद म्हणतो, त्यांच्यातले किती जण खरोखर मंद असतात आणि किती जण कशाची तरी वाट पाहत असतात? खेड्यातून पुण्याला आलेली मुलगी इंग्रजी शब्दाची वाट पाहते. वृद्ध माणूस नावाची वाट पाहतो. चेहरा समोर असतो, माणूस आठवत असतो, नाव तेवढे वाटेत असते. कचेरीतला कारकून वरच्या सहीची वाट पाहतो आणि बोलणी मात्र त्याला बसतात. वाट पाहणारा दिसतो. ज्याच्यामुळे तो थांबला आहे, तो दिसत नाही. आपला न्याय डोळ्यांना दिसणाऱ्याला शिक्षा करतो.

यावर कुणी म्हणेल, गुरुजी, हे फार सोयीचे तत्त्वज्ञान झाले. प्रत्येक आळश्याने उठून म्हणावे, मी मंद नाही, मी वाट पाहतो आहे! आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर यंत्रच देते. याच लॅपटॉपवर आजचा मोठ्या पडद्याचा, बारीक रेघांचा व्हिडिओ लावला, तर तो अडखळतो. तिथे मेमरी वाढवून काही होत नाही, कारण तो व्हिडिओ उलगडण्यासाठी नव्या यंत्रांत जी खास सोय असते ती यात नाही आणि सारे ओझे प्रोसेसरवर पडते. त्या कामाला तो खरोखरच कमी पडतो. तसे म्हणणे हा अन्याय नव्हे. उलट, सगळ्या दोषांना ‘परिस्थिती’ हे एकच नाव देणे हाही एक आळसच आहे. माझे म्हणणे एवढेच, की निकाल देण्यापूर्वी मोजावे. प्रोसेसर राबतो आहे की रिकामा बसला आहे, हे पडद्यावर पाहता येते. माणसाच्या बाबतीत तसा पडदा नाही; तिथे विचारावे लागते, आणि उत्तर ऐकायला थांबावे लागते.

आमच्या घरच्या न्यायालयात या लॅपटॉपचा खटला निघाला, तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, भंगारवाल्याला द्या. त्यात काही राम नाही.” सौ. म्हणाली, “त्यापेक्षा स्वयंपाकाच्या बाईंच्या मुलीला देऊ. ती बारावीला आहे. तेवढीच तिला मदत.” दोघांचे म्हणणे सरळ होते. पण मला दुसऱ्या सूचनेतच एक अडचण दिसली. जे यंत्र आपल्याला नकोसे झाले, कारण ते आपला वेळ खाते, ते आपण दुसऱ्याला देतो, तेव्हा आपण नेमके काय देतो? यंत्र देतो, हे खरे. पण त्याबरोबर त्याचे वाट पाहणेही देतो. आपल्या नावावरचे वाट पाहणे तिच्या नावावर करून देतो आणि वर पुण्य घेतो. आणि ते चालते, कारण मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात आपण धरून चाललेलो असतो, की तिचा वेळ आपल्या वेळेपेक्षा स्वस्त आहे.

हा हिशेब या देशात सर्वत्र चालू आहे. ज्याच्या हाती अधिकार, तो वाट पाहायला लावतो. ज्याच्या हाती काही नाही, तो पाहतो. रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, नळाच्या पाण्यापाशी कोण उभे असते, हे आपल्याला ठाऊक आहे. दिवाळीच्या साफसफाईतून निघालेले दान त्या रांगेत आणखी एक माणूस उभे करणार असेल, तर त्याला दान म्हणावे का, हा मला प्रश्न पडतो.

म्हणून मी त्या मुलीलाच बोलावून विचारले. तिने पहिला प्रश्न केला, “सर, हा सुरू व्हायला किती वेळ लागतो?” मी कारण विचारले. ती म्हणाली, “मी कॅफेत जाते ना फॉर्म भरायला, तिथं तासावर पैसे घेतात. मशीन सुरू व्हायलाच दहा मिनिटं जातात. ती पण धरतात.” वाट पाहण्याचेही भाडे देणारी माणसे या जगात आहेत, हे त्या वाक्यातून समजले. व्हिडिओ ती आईच्या फोनवर पाहते. तिला हवे होते ते हिशेबाचे तक्ते करणे, टिपणे वाचणे आणि फॉर्म भरताना मध्येच यंत्र अडकू नये, एवढेच.

मग मदत कुठे करायची, ते सोपे झाले. रॅम वेगाची नको, जागेची हवी. तिच्या हाती तीन गिगाबाइट लागतील एवढ्या पट्ट्या घातल्या. फिरती तबकडी काढून तिच्या जागी न फिरणारी, चिपची डिस्क बसवली. या लॅपटॉपात डिस्कची वाटही अरुंद आहे. सेकंदाला दीडशे मेगाबाइटांच्या वर तिथून काही येत नाही. पण पहिली पुडी हाती पडायला आता पंधरा मिलिसेकंदांऐवजी एका मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. आपल्या मघाच्या मापाने, वर्षाचे दोन-सव्वादोन दिवस झाले. वाट रुंद झाली नाही. वाट पाहणे संपत आले. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबली आहे आणि विंडोज ११ या यंत्राला चालत नाही. म्हणून त्यात हलके लिनक्स घातले. आणि देताना तिला यंत्राचे गुण सांगितले तसे दोषही सांगितले : बॅटरी गेलेली आहे, वायर लावूनच चालेल, एका वेळी फार पाने उघडू नकोस, मोठे व्हिडिओ याच्याकडून होणार नाहीत. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “पण वीज गेली तर लिहिलेलं जाईल ना?” आम्हांला त्याचा विचार करावा लागला, दर दोन मिनिटांनी आपोआप जतन होईल अशी सोय केली.

ही काही मोठी गोष्ट नाही आणि तिच्यातून मोठे तात्पर्य काढण्याचा माझा आग्रहही नाही. जुने ते सारे सांभाळावे, असेही मी म्हणत नाही. काही यंत्रे खरोखर संपलेली असतात. ती संपली हे मान्य करून योग्य जागी पोचवावीत. परंतु मदत करणाऱ्याच्या समाधानासाठी केलेली मदत आणि थांबलेल्या माणसासाठी केलेली मदत, यांत पुष्कळ अंतर आहे. पहिली ८०० च्या पट्टीसारखी असते : किंमत मोठी, दिसायला छान, आणि ६६७ च्या चालीने चालणारी. दुसरीला आधी खाली बसून हिशेब करावा लागतो. वेळ कुठे जातो? कोण कुणासाठी थांबले आहे? जिथे खोळंबा आहे, तिथे माझा हात पोचतो का? हात पोचत नसेल, तर निदान ‘मंद’ हा शेरा तरी आपण मारू नये. तो पुसायला फार वर्षे लागतात, आणि तीही बहुधा त्यालाच मोजावी लागतात.